दोन अर्धायुष्यांत सगळे संपत नाही
थायरॉइडच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचे अर्धायुष्य (साठा निम्मा होण्याचा काळ) 8 दिवसांचे, म्हणजे 16 दिवसांत सगळे संपले, हा समज नवी मुंबईत थायरॉइडच्या रुग्णांच्या नातेवाइकांपासून क्लासच्या वह्यांपर्यंत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. वाशीच्या ‘ब्रिट’ या किरणोत्सारी पदार्थ पुरवणाऱ्या सरकारी संस्थेमधून रुग्णालयांना जाणाऱ्या आयोडीन-131चे, म्हणजे याच किरणोत्सारी आयोडीनचे, अर्धायुष्य सुमारे 8 दिवस असते खरे, पण दर 8 दिवसांनी मूळ साठ्याचा नव्हे, तर त्या वेळी उरलेल्या साठ्याचा निम्मा भाग क्षय पावतो. म्हणून 100 भागांचे 16 दिवसांनी 25 उरतात आणि 80 दिवसांनीही साधारण 0.1. मधल्या दिवसांसाठी सरळ त्रैराशिक मांडणे तर अधिकच फसवे: 12 दिवसांनी 25 नव्हे, तर 100 गुणिले अर्ध्याचा 1.5वा घात (12 भागिले 8), म्हणजे सुमारे 35.4 भाग उरतात. रुग्णाच्या शरीरातून आयोडीन लघवीवाटेही बाहेर पडत असल्याने तिथले प्रमाण मात्र याहून लवकर घटते.