गॅरेजमधली तिजोरी आणि नळीवरचा बोटाचा ठसा

आर्द्रा नक्षत्राची झड आठवडाभर लागून राहिली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, तिजोरीतली बंदूक रिकामी आहे याची खात्री करून तिची नळी विजेरीच्या उजेडात तिरकी धरून बघावी. मे महिन्यात जिथे हात लागला होता तिथे तांबूस रेघा दिसतात. डोळा जवळ नेला तर कळतं, त्या बोटाच्या ठशाच्या रेघा आहेत, वळणांसकट. घामातलं मीठ नळीवर राहिलेलं असतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो आणि पोलादावर खाऱ्या पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो. हा थेंब म्हणजे छोटी बॅटरीच. कडेला प्राणवायू भरपूर, मधोमध कमी. म्हणून मधलं लोखंड विरघळत जातं आणि त्याचा गंज थोड्या अंतरावर साचतो. गंज सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. त्यामुळे एकदा सुरू झालेलं काम आपणहून थांबत नाही.

या भागात परवान्याच्या बंदुका बहुतेक दोन प्रकारच्या घरांत दिसतात. रानडुकरं आणि गव्यांपासून भात-ऊस राखणाऱ्या शेतकऱ्याकडे ठासणीची, आणि निवृत्तीनंतर सुरक्षा रक्षकाचं काम करणाऱ्या माजी सैनिकाकडे बारा बोअरची. बंदूक कुलपात हवी म्हणून दीड-दोनशे किलोची पोलादी तिजोरी येते, आणि ती जिना चढत नाही म्हणून गाडीच्या शेडमध्येच उभी राहते. जाड पोलादाच्या आत सगळं कोरडं राहील असं वाटतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात त्या शेडमधली सर्वांत गार वस्तू तीच असते, आणि ओल गार वस्तूवरच बसते.

लोखंड गंजायला ते भिजावंच लागतं असं नाही. १९३०च्या दशकात व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की दूषित हवेत साठेक टक्के आर्द्रतेपर्यंत लोखंड फारच हळू गंजतं. तो उंबरा ओलांडला की वेग एकदम वाढतो. कणकुंबीला, मलप्रभा नदीच्या उगमाजवळ, जुलैत हवा दिवसेंदिवस नव्वद टक्क्यांच्या वरच असते. म्हणजे तिथे तिजोरीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा वेगळी करावीच लागते. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीत वर्षाचा पाऊसच जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. तिथे पुढच्यातल्या निम्म्या गोष्टींची गरज पडणार नाही.

झडीपेक्षा उघडीप जास्त घातक. चार दिवसांच्या पावसाने तिजोरी २१ अंशांपर्यंत गार झालेली असते. पाचव्या दिवशी ऊन पडतं, अंगण वाफाळतं, शेडमधली हवा २६ अंशांवर जाते. त्या हवेची आर्द्रता ८० टक्के धरली तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, साधारण सव्वाबावीस अंश. तिजोरी त्याहून गार, म्हणून पत्र्याला घाम फुटतो. आत सिमेंट किंवा जिप्समचा अग्निरोधक थर असेल तर ती तापायला आणखी वेळ घेते. अशा सकाळी दार उघडलं की दमट हवा थेट गार नळीवर जाते. उघडायचंच असेल तर दुपारी तीन-चारच्या सुमारास उघडावं. तोवर पोलाद तापलेलं असतं आणि दिवसातली आर्द्रताही तेव्हाच सर्वांत कमी असते.

शेडमध्ये पाणी कुठून येतं याचा एक हिशेब सांगतो, कारण तो कळला की बाकीचे उपाय आपोआप सुचतात. दहा बाय अठरा फुटांची, नऊ फूट उंचीची शेड म्हणजे सुमारे ४६ घनमीटर हवा. २२ अंशांना ही हवा पूर्ण संपृक्त झाली तरी तिच्यात जेमतेम ९०० ग्रॅम वाफ मावते. पावसातून आलेली गाडी चाकांच्या खोबणीतून, पायपुसण्यांतून आणि अंगावरून लिटरभर पाणी सहज घेऊन येते. एक गाडी आत घेऊन शटर ओढलं की रात्रभरात हवा तुडुंब. म्हणून गाडी पुसूनच आत घ्यावी, नाहीतर पावसाळ्यापुरती बाहेर मांडवाखाली ठेवावी. शटरला फटी असतील तर शेडमध्ये आर्द्रता काढणारं यंत्र लावणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. ते पैसे तिजोरीवर खर्च करावेत.

दुसरी वाट जमिनीची. काँक्रीटमधून ओल केशाकर्षणाने वर येते. तपासणं सोपं आहे: दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली काळपट डाग किंवा थेंब दिसले तर तिथे तिजोरी थेट टेकवू नये. २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, त्यावर कडप्प्याचे तुकडे, त्यावर जाड रबर, असं करून ती चार इंच उचलावी आणि भिंतीपासून तीन-चार इंच सुटी ठेवावी, म्हणजे मागून हवा खेळते. बोल्टने जखडायची असेल तर भोकाच्या कडेचा उघडा पडलेला पत्रा रंगवून सीलंट भरा. मात्र बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन वापरू नका. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि बंद तिजोरीत ते पोलादालाच खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागून घ्या. आत नवीन प्लायवूडच्या फळ्या बसवल्यावरही आम्लाचा त्रास होतो. त्या महिनाभर उन्हा-वाऱ्यात ठेवूनच लावाव्यात.

शेजारी काय ठेवलंय तेही पाहा. पोटॅशची पोती म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, त्याची धूळ मिठासारखीच. ब्लीचिंग पावडर, शौचालयाचं ॲसिड, चार्जिंगला लावलेली इन्व्हर्टरची बॅटरी, यांतलं काहीही तिजोरीच्या शेजारी नको.

आता आतलं. पंचवीस घनफुटांच्या तिजोरीतल्या हवेत जुलैत तेरा ग्रॅम पाणी असतं; ते निम्म्यावर आणायला चमचाभर पाणी काढलं की झालं. मग ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे आठवड्यातच भरून रंग का बदलतात? कारण खरं पाणी हवेत नसतं, लाकडात असतं. बंदुकीचा किलोभराचा लाकडी दस्ता नव्वद टक्के आर्द्रतेला जितकं पाणी धरतो ते पन्नास टक्क्यांच्या तुलनेत शंभरेक ग्रॅम जास्त असतं. कापडी खोळ, चामडं, गालिचाचं अस्तर यांचंही तसंच. म्हणून खोळ आणि चामड्याचं म्यान तिजोरीत ठेवूच नये; चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं नळीला चिकटून बसतात.

एक किलो सिलिका पन्नास टक्के आर्द्रतेपर्यंत दोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी घेतं. पश्चिम पट्ट्यात एवढ्या तिजोरीला एक-एक किलोच्या दोन पिशव्या ठेवाव्यात, एक आत आणि एक सुकवलेली राखीव. पहिल्या महिन्यात वरचेवर बदलाव्या लागतील. दस्ता कोरडा झाला की वेळ लांबतो. भट्टीत ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की खडे पुन्हा तयार होतात. नारिंगी घ्या. निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, ते विषारी. स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये ते कधीही तापवू नये. बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे पाणी भरपूर शोषतात, पण त्या पाण्याचा खारा द्रव होतो आणि डबा एकदा कलंडला की तिजोरीचा तळ गेला. मिठाची पुरचुंडीही ठेवू नये.

विजेच्या कमी वॅटच्या तापकांड्या मिळतात, आणि काहीजण आत झिरोचा बल्ब लावतात. उघडा बल्ब लाकडाजवळ नकोच, आग लागते. कांडीबद्दल मात्र गणित समजून घ्या. बाहेर २३ अंश आणि ९० टक्के असताना आतलं तापमान तीन अंशांनी वाढवलं तर आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. साठवर आणायला सात अंश लागतात. अठरा किंवा छत्तीस वॅटची कांडी साध्या पत्र्याच्या तिजोरीत सात अंश वाढवू शकत नाही. ती घाम फुटू देत नाही, हे काम मोलाचं, पण कणकुंबीच्या हवेत तेवढं पुरत नाही. तिथे दाराच्या कडेला रबरी पट्टी लावून फटी बुजवणं आणि सिलिका, हाच मार्ग आमच्या मते बरा. कांडी आणि सिलिका शेजारी-शेजारी मुळीच नको; गरम झालेले खडे शोषलेलं पाणी परत सोडतात.

हे सगळं जमतंय की नाही हे आर्द्रतामापक सांगेल. स्वस्त मापक दहा-दहा टक्के चुकतात, म्हणून आधी तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, चिखल होईल इतपत पाण्याचे थेंब, मापकासह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास. काटा ७५ दाखवायला हवा. जितका फरक, तितका मनात धरून वाचा. आत ४५ ते ५५ टक्के राखा. पस्तीसच्या खाली गेलं तर दस्त्याला चिरा पडतात.

एवढं करूनही ठासणीची बंदूक साफ न करता ठेवली तर व्यर्थ. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात मागे उरतं आणि त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, जे हवेतून पाणी ओढतात. रॉकेलने पुसून हे क्षार जात नाहीत, कारण ते रॉकेलमध्ये विरघळतच नाहीत. त्याच दिवशी कडक गरम साबणपाण्याने नळी धुवावी. नळी तापते आणि आपणहून सुकते. मग कोरडी चिंधी, मग खनिज तेलाचा पातळ हात. खोबरेल नको, ते २४ अंशांखाली गोठतं आणि कालांतराने आंबून चिकट होतं. नळीवरचा निळसर-काळा लेप हा लोखंडाचाच ऑक्साईड, फार पातळ आणि सच्छिद्र. त्याची राखण त्याच्यात मुरलेलं तेल करतं. तेल लावल्यावर नळीला उघड्या हाताने शिवू नये, सुती हातमोजे घाला. काडतुसं वेगळ्या कुलपात. जुन्या कागदी काडतुसांचं कवच ओलीने फुगतं आणि ती नळीत बसत नाहीत.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत यंत्राचे सुटे भाग बाहेरगावी धाडताना व्हीसीआय कागदात गुंडाळतात. या कागदातून निघणारी वाफ लोखंडावर गंज रोखणारा अदृश्य थर धरते. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर नळीला जाड तेल लावून हाच कागद गुंडाळून द्यावी. परत आल्यावर तशीच तिजोरीत सरकवू नका. कागद सोडा, जुनं तेल पुसा, कुठे तांबूस ठिपका दिसला तर तेलात भिजवलेल्या ०००० नंबरच्या पोलादी लोकरीने हलक्या हाताने घासा, आणि नवा हात देऊन मगच दार लावा.