हर-२ : स्तनाच्या कर्करोगातील रेणवीय दर्शक

हर-२ हे पेशीपटलावर असणारे आणि पेशीला वाढीचा संदेश देणारे एक ग्राही प्रथिन असून त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोनच प्रती असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत मात्र गाठीतील पेशींमध्ये या प्रती अनेक पटींनी वाढतात, पटलावर या प्रथिनाची दाटी होते आणि विभाजनाचा संदेश अखंड चालू राहतो, कारण हर-२ ला कार्यरत होण्यासाठी बाहेरील रेणूची वाट पाहावी लागत नाही. शेजारच्या हर-३ सारख्या ग्राहीशी जोडी जमली की पुरते. अशा रोगाला ‘हर-२ पॉझिटिव्ह’ म्हणतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १८९ गाठी तपासून असे दाखवले की, सुमारे ३० टक्के गाठींत हे जनुक वाढलेले आहे आणि काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या ज्या रुग्णांत ते वाढलेले आहे, त्यांच्यात रोग लवकर उलटतो व आयुर्मान घटते. त्यानंतर दशकभर हर-२ पॉझिटिव्ह हा शेरा म्हणजे वाईट भवितव्याची खूण मानली गेली.

हे समीकरण ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाने बदलले. हर-२ च्या पेशीबाहेरील भागाला चिकटणारे हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झाले. शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचारासोबत ते दिल्यास रोग उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे २००५ मध्ये जाहीर झालेल्या चाचण्यांनी सिद्ध केले. शरीरात पसरलेल्या रोगावर ट्रास्टुझुमॅबला पर्टुझुमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाची जोड दिल्याने मध्यक आयुर्मान ४०.८ महिन्यांवरून ५६.५ महिन्यांवर गेले. म्हणजे हर-२ हा रोगाचे भवितव्य सांगणारा दर्शक तर आहेच, पण कोणत्या औषधाला गाठ दाद देईल हेही तो सांगतो, आणि आज दुसरे काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचे झाले आहे. जुन्या अभ्यासांतील जगण्याचे आकडे म्हणूनच या औषधाआधीचे की नंतरचे, हे पाहिल्याशिवाय वाचू नयेत. रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती बहुधा आधीचेच आकडे लागतात. ट्रास्टुझुमॅबचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकत असल्याने उपचारकाळात ठरावीक अंतराने इकोकार्डिओग्राफी करतात.

निदान ऊतकाच्या तुकड्यावर होते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (प्रचलित भाषेत ‘आयएचसी’) प्रथिनाला रंग देऊन ०, १+, २+ किंवा ३+ अशी श्रेणी देतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ अनिश्चित असल्याने ‘फिश’ चाचणीने जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजाव्या लागतात. येथे प्रयोगशाळेइतकीच शस्त्रक्रियागृहातील शिस्त मोलाची ठरते: काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा, असा संकेत आहे. हे न पाळल्यास उत्तम रंगद्रव्यही चुकीचे उत्तर देऊ शकते. रोग उलटल्यास नव्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासणे योग्य, कारण हर-२ ची स्थिती काही रुग्णांत बदललेली आढळते.

औषध परवडते की नाही, हाही भवितव्याचाच भाग आहे. भारतात बंगळूरूच्या बायोकॉन कंपनीने २०१४ मध्ये ट्रास्टुझुमॅबचे जैवसदृश (मूळ औषधाशी मिळतेजुळते) रूप बाजारात आणले आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तरी साधारण वर्षभर चालणारा हा उपचार अनेक कुटुंबांना जड जातो.

अलीकडे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह ही विभागणीही अपुरी ठरू लागली आहे. प्रतिपिंडाला रसायनोपचाराचे औषध जोडून बनवलेले ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे १+ किंवा फिश-निगेटिव्ह २+ असलेल्या, म्हणजे पूर्वी निगेटिव्ह गणल्या गेलेल्या, पसरलेल्या रोगातही आयुर्मान वाढवते, असे २०२२ मध्ये दिसून आले. या गटाला आता ‘हर-२ लो’ म्हणतात, आणि शून्य व १+ यांतला जो बारीक फरक विकृतिशास्त्रज्ञ पूर्वी फारसा मनावर घेत नसत, त्यावर आता उपचाराचा निर्णय अवलंबून राहू लागला आहे.