सॅम्पलर घ्यावा का, आणि घेतल्यावर ‘आवाज फाटतो’ म्हणून परत आणावा का

सॅम्पलर म्हणजे बाहेरचा आवाज रेकॉर्ड करून तो बटणांवर वाजवायचं छोटं मशिन. गणपती दोन महिन्यांवर आले की त्याबद्दल आमच्या काउंटरवर दोन प्रश्न ठरलेले. नवीन गिऱ्हाईक विचारतं, “एवढ्याशा खेळण्याला एवढे पैसे?” आणि आठ दिवसांपूर्वी घेऊन गेलेलं म्हणतं, “आवाज फाटतोय, बदलून द्या.” दिवसातून पाच वेळा तेच सांगून घसा बसतो, म्हणून हा कागद छापून घेतला. मशिनबरोबर मोफत आहे. मशिन न घेता नुसता कागद नेलात तरी हरकत नाही.

आधी पैशाचं. आमच्याकडे सुरुवातीच्या लोकांसाठी मुख्यतः टीनएज इंजिनिअरिंग या कंपनीची दोन मॉडेलं जातात. पीओ-३३ हे २०१८ साली आलं तेव्हा परदेशात ८९ डॉलरला होतं. दिसायला कॅल्क्युलेटर, तोही कव्हर काढलेला; खाली उघडा सर्किट बोर्ड. त्याचा मोठा भाऊ ईपी-१३३, २०२३ मध्ये २९९ डॉलरला आला. इथे पोचेपर्यंत त्यावर भाडं आणि कर चढतात, शिवाय डॉलर रोज हलतो, म्हणून भाव छापलेला नाही. विचारलात तर त्या दिवशीचा सांगू.

“पण यात सगळे मिळून फक्त चाळीस सेकंद रेकॉर्ड होतात!” पीओ-३३ हातात घेतल्यावर हे वाक्य येतंच. खरं आहे, ४० सेकंद. पण १९८७ साली आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये जेमतेम १० सेकंद होते आणि त्यावर अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांनी अख्खे आल्बम केले. जागा वाचवायला ते ३३च्या स्पीडची तबकडी ४५ वर फिरवून कमी वेळात रेकॉर्ड करायचे आणि मशिनमध्ये सूर खाली उतरवायचे. सॅम्पलरमध्ये गाणं भरायचं नसतं, चिमूट भरायची असते. झांजेचा एक खणका, मंडईतली एक आरोळी, ओंकारेश्वराच्या घंटेचा एक टोला. मग तोच तुकडा बटणांवर चढ्या-उतरत्या सुरांत वाजवा. चाळीस सेकंदांत असे कितीतरी मावतात. पूर्ण ट्रॅक वाजवून त्यावर गायचं असेल तर पेनड्राइव्हवाला स्पीकर घ्या, स्वस्त पडेल. (तो आम्ही ठेवत नाही.)

ऑर्केस्ट्रा आणि बॅन्जोवाली मंडळी ‘ऑक्टापॅडसारखं का?’ विचारतात. नाही. हे बोटांनी वाजवायचं आहे. एकाने आमच्यासमोर खिशातून काठी काढली होती, तेव्हापासून हे स्पष्ट लिहावं लागतं. काठीने वाजवून स्वतःचे टोन भरायचे असतील तर रोलँडच्या एसपीडी-एसएक्स घराण्यात जा, खिसाही तेवढा मोठा लागेल.

आणि ज्याला अजून नुसतं कुतूहल आहे त्याने आधी फोनवर कोआला सॅम्पलर हे ॲप घेऊन महिनाभर खेळावं. विकणाऱ्याने हे सांगू नये म्हणतात, पण महिन्याने तो माणूस परत येतो. काचेवर बोट लावल्यावर आवाज किंचित उशिरा येतो हे ठेक्याच्या माणसाला सहन होत नाही.

आता मुख्य तक्रार. परत येणाऱ्या मशिनांत बहुतेक वेळा मशिन ठणठणीत असतं, रेकॉर्डिंग फाटलेलं असतं. होतं असं की पथकाचा सराव चालू असताना नदीपात्रात जायचं, पहिल्या रांगेतल्या ढोलापासून दोन फुटांवर मशिन धरायचं आणि बटण दाबायचं. त्या आतल्या इवल्याशा माइकसमोर ढोलाचं पान आणि वर ताशाच्या काड्या! डिजिटल रेकॉर्डिंगला छत असतं. पीओ-३३ आठ बिटचं आहे, म्हणजे आवाज मोजायला २५६ पायऱ्या. ईपी-१३३ सोळा बिटचं, ६५,५३६ पायऱ्या. पायऱ्या कितीही असोत, सगळ्यात वरच्या पायरीच्या वर जे येतं ते छाटलं जातं. लाटेचा माथा सपाट झाला की तो कानाला ‘फाटका’ लागतो. नंतर व्हॉल्यूम कमी केल्याने माथा परत उगवत नाही. जळलेल्या भाकरीवर तूप लावण्यासारखं आहे ते. पुन्हा रेकॉर्ड करणं हाच इलाज.

पथकापासून वीस-पंचवीस फूट लांब, एका बाजूला उभे राहा. फोनवरून वायरने घेत असाल तर फोनचा आवाज अर्ध्यावर ठेवून सुरू करा, फाटेपर्यंत एकेक घर वाढवा आणि तिथून दोन घरं मागे या. फार खालीही नको. आठ बिटमध्ये हळू घेतलेला आवाज मोठा केला की खरखर वर येते.

दुकानात येण्याआधी हेडफोन लावून ऐका. हेडफोनमध्ये स्वच्छ असेल तर रेकॉर्डिंग नीट आहे, फक्त तो पोस्टाच्या तिकिटाएवढा स्पीकर पूर्ण आवाजात थरथरतोय. मशिनबरोबर आलेले आवाजही एकदा वाजवा. ते नीट वाजत असतील तर मशिन ठीक आहे. आम्हीही काउंटरवर वेगळं काही करणार नाही, हेच करू. त्यात आमचा अर्धा तास जातो आणि मागे रांग लागते. म्हणून तपासणीचे १०० रुपये घेतो. दोष निघाला तर परत देतो आणि मशिन वॉरंटीत पाठवतो. काहींना याचा राग येतो. येऊ दे.

पीओ-३३ वाल्यांसाठी अजून एक: डाव्या कानात टिकटिक आणि उजव्यात संगीत येत असेल तर दोन मशिनं जोडायचा सिंक मोड चालू राहिला आहे. बिघाड नाही.

सेल रिमोटमधले बारीक लागतात, पीओला दोन, ईपीला चार. अल्कलाइनच घाला. पुण्याच्या तपकीर गल्लीतले दहा रुपयांचे पाझरले की पीओच्या उघड्या बोर्डाचं काय होतं ते आमच्या काचेच्या कपाटात पाहायला ठेवलं आहे. सिलिकॉन कव्हर वेगळं मिळतं. घ्याच असं नाही, पण खिशात किल्ल्या ठेवणाऱ्यांनी घ्यावं.

फोडलेलं खोकं ‘आवडलं नाही’ म्हणून परत घेत नाही, त्याऐवजी आधी वाजवून बघायला देतो. शनिवारी सकाळी अकरापर्यंत गर्दी नसते. स्वतःचा वायरवाला हेडफोन आणा आणि जो आवाज भरायचा आहे तो फोनमध्ये घेऊन या. ढोल सोडून काहीही चालेल, वर डॉक्टरांचा दवाखाना आहे.