सामाजिक उद्योग आणि मानवी सुरक्षा

सामाजिक प्रश्न सोडवण्यासाठी उभारलेल्या आणि मालविक्री किंवा सेवाशुल्कातून स्वतःचा खर्च भागवणाऱ्या व्यवसायाला सामाजिक उद्योग म्हणतात. नफ्याचा मोठा वाटा त्याच कामात पुन्हा घातला जातो. देणगी आटली की काम थांबते, ही विकासकार्यातली जुनी अडचण त्यामुळे बरीच कमी होते.

मानवी सुरक्षेची कल्पना संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या अहवालातून रूढ झाली. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या या अहवालाने भूक, आजार, बेकारी हेही सुरक्षेचेच प्रश्न मानले.

१९७६ साली बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात बांबूची आसने विणणाऱ्या बायका व्यापाऱ्याकडून उचल घेत आणि तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने देत. अशा ४२ जणांना मिळून हवे होते अवघे ८५६ टका (टका हे बांगलादेशाचे चलन). अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ते पदरचे दिले. त्यातून पुढे १९८३ मध्ये गरिबांना छोटी कर्जे देणारी ग्रामीण बँक उभी राहिली. २००६ मध्ये युनूस आणि बँक यांना मिळालेले नोबेल अर्थशास्त्राचे नव्हे, शांततेचे होते; गरिबी हाही सुरक्षेचा प्रश्न आहे, या विचाराशी ते जुळते, म्हणून इथे विशेष महत्त्वाचे.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात ऐपतदार रुग्णांच्या शुल्कावर गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोफत किंवा अल्प दरात होतात. आयात केलेले कृत्रिम भिंग परवडेना, म्हणून १९९२ मध्ये संस्थेने ऑरोलॅब काढून ते स्वतःच बनवायला घेतले. किंमत कितीतरी पटींनी उतरली. दृष्टी आलेला माणूस कामाला लागतो, शिवाय त्याला धरून नेणारे घरातले माणूसही मोकळे होते.

मात्र छोट्या कर्जाचे साधन उलटूही शकते. आंध्र प्रदेशात एकाच घराला अशी कर्जे देणाऱ्या अनेक कंपन्यांनी कर्जे दिली, वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. कर्जदाराचे उत्पन्न न वाढता केवळ हप्ते वाढले, तर अशा कर्जव्यवसायाला सामाजिक उद्योग म्हणणे चूक आहे.

शिवाय अगदी निर्धन माणूस ग्राहकही होऊ शकत नाही आणि कर्जदारही. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने हे ओळखून २००२ पासून अतिदरिद्री कुटुंबांसाठी वेगळा कार्यक्रम चालवला. त्यात आधी गाय किंवा शेळ्यांसारखे उत्पन्नाचे साधन, काही काळ भत्ता आणि प्रशिक्षण दिले जाई. कर्जाचा विचार त्यानंतर होई.