फोडलेल्या क्रूसाचा चुरा

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हिल्टन नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या पडक्या चॅपलच्या आवारात एक भलीमोठी कोरीव शिळा होती. पिक्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व भागात राहणाऱ्या प्राचीन लोकांनी ती इ.स. 800च्या आसपास वालुकाश्मात घडवली. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला शिकार. शिकारीत हरणामागे कुत्रे, घोडेस्वार आणि वर, मानाच्या जागी, घोड्यावर बसलेली एक स्त्री. तिच्याजवळ आरसा आणि फणीही कोरलेली आहे.

17व्या शतकात शिळा कोसळली, बूड मातीतच राहिलं. 1676 मध्ये कुणीतरी क्रूसाची अख्खी बाजू तासून काढली आणि तिथं अलेक्झांडर डफ व त्याच्या तीन बायकांचा मृत्युलेख कोरला. चौघांत मिळून एक दगड, तोही आयता! शिकारीच्या बाजूला मात्र हात लावला नाही, म्हणून ती वाचली.

क्रूस गेला तो गेलाच, असं सगळे धरून चालले होते. 2001 मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पथकाने चॅपलजवळ खोदलं, तेव्हा शिळेचं बूड जागच्या जागी सापडलं आणि भोवती हजारो कपच्या. दगड तासणाऱ्याने चुरा उचललाच नव्हता. त्याचा आळस आपल्या पथ्यावर पडला. मातीखाली ऊन-पावसापासून बचावलेल्या बुडावरची नक्षी तर उघड्यावरच्या दगडापेक्षा रेखीव राहिली आहे.

पण बोटाच्या पेराएवढ्या कपचीची जागा ठरवायची कशी? दगडाचा रंग, कणांची जाडी, थरांची दिशा आणि तुटलेली कड जुळवून पाहायची. नक्षीचीही मदत होते. पिक्टांची गाठींची वेलबुट्टी आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी जाळीवर बेतलेली असते, त्यामुळे चार वळणं हाती लागली की पाचवं कुठं वळेल याचा अंदाज बांधता येतो. माणसांच्या नि प्राण्यांच्या आकृत्यांना असा नियम नाही, तिथं अडतं. पुढे कपच्यांचं त्रिमितीय स्कॅनिंग करून ही जुळवाजुळव संगणकावरही सुरू झाली.

शिळेचा मोठा भाग एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 1921 मध्ये तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला गेला होता. स्कॉटलंडमध्ये ओरड झाली, तेव्हा परत आला. बूड मात्र हिल्टनच्या शेजारी बॅलिंटोरच्या सभागृहात ठेवलं आहे, गावकऱ्यांनी ते सोडलं नाही. मला तरी त्यांचं बरोबर वाटतं.