खरवस शाकाहारी आहे, पण व्हीगन नाही

गेल्या श्रावणात आमच्या दूधवाल्याने चीक आणून दिला. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा, पहिल्या दिवसाचा, दाट आणि पिवळसर. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर असा चीक घरपोच येणं म्हणजे लॉटरीच. त्यात थोडं दूध, गूळ, वेलदोडा, जायफळ घालून कुकरमध्ये शिटी न लावता वाफवला, वड्या पाडल्या आणि भाचीला फोन केला, "लगेच ये, खरवस केलाय." ती आली, ताटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, मी व्हीगन झालेय. महिना झाला."

"अगं, मग खा की! खरवस शुद्ध शाकाहारी असतो."

"शाकाहारी आहे गं. पण हा चीक त्या रेडकासाठी होता ना?"

मी गप्प बसले. राग आला होता हे खरं, पण मग लक्षात आलं की आम्ही दोघी बरोबर बोलत होतो. फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होतो.

आपला शाकाहार ताटावर नजर ठेवतो. मांस, मासा, अंडं पोटात जायला नको, एवढं त्याचं म्हणणं. त्यामागे भूतदया आहेच, पण घराणं आहे, सोवळंओवळं आहे, गळ्यातली तुळशीची माळ आहे. म्हणून तर वेगळी भांडी, वेगळा चमचा आणि सोसायटीच्या गेटवर "फ्लॅट फक्त शाकाहारी कुटुंबाला". व्हीगन माणूस ताटात काय आलं यावर थांबत नाही, ते कुणाकडून घेतलं हे विचारतो. त्यामुळे दूध, दही, तूप, पनीर, मध गेलं आणि त्याच हिशोबाने रेशीम, लोकर, कोल्हापुरी चपलाही गेल्या. उलट कांदा-लसणाशी त्याचं काहीच वाकडं नाही. जैन शेजारी बटाटा टाळून दूध पितात, माझी भाची दूध टाळून बटाटा खाते. बाहेरून बघणाऱ्याला दोघंही "फार नियमवाले" वाटतात, पण नियमांची मुळं वेगळ्या मातीत आहेत.

शब्दाचा जन्मही अशाच भांडणातून झाला. इंग्लंडमधल्या शाकाहारी मंडळींत दूध-अंडी चालावीत की नाही यावरून वाद पेटला आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी वेगळी चूल मांडली. इंग्रजीतल्या 'व्हेजिटेरियन'चं डोकं आणि शेपूट तेवढं ठेवून त्यांनी 'व्हीगन' असा शब्द केला. तिकडच्या अनेक शाकाहाऱ्यांना अंडं चालतं, हेही इथे ध्यानात ठेवायला हवं. आपला शाकाहारी आणि त्यांचा शाकाहारी एक नव्हे.

दुकानात हा फरक पाकिटावर दिसतो. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आपल्या ओळखीचा. नियमाप्रमाणे त्या ठिपक्याखाली दूध, दुधाचे पदार्थ आणि मध बसतात. व्हीगन पदार्थांसाठी भारतात २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आले आणि इंग्रजी 'व्ही' अक्षराला पान फुटल्यासारखं हिरवं चिन्ह ठरलं. भाची मात्र चिन्हाच्या नादी लागत नाही. ती पाकीट उलटं करून खालची बारीक ओळ वाचते, जिथे गहू, सोया, दूध अशी ॲलर्जीची यादी असते. हिरवा ठिपका असलेल्या किती बिस्किटांत, पावांत आणि वेफर्सच्या मसाल्यांत दूध पावडर असते, हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

आता मूळ प्रश्न: दुधात वाईट काय? गाय मारून तर दूध निघत नाही. आपल्याकडे बहुतेकांची गाडी इथेच अडते. उत्तर वेताच्या हिशोबात आहे. गाय काय, म्हैस काय, व्याल्याशिवाय दूध देत नाही. गाईचे साधारण नऊ महिने, म्हशीचे दहा. दूध चालू ठेवायचं तर पुन्हा पुन्हा गाभण ठेवायची. प्रत्येक वेताला एक पिल्लू, आणि ढोबळ मानाने त्यातली निम्मी नर. गोठ्यात कालवड आणि पारडी हवी असते. गोऱ्ह्याला पूर्वी औत होतं, आता शेतात ट्रॅक्टर आहे. टोणग्याला तर कुणीच विचारत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आली, म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. तेव्हा दुधाचा धंदा आणि मांसाचा धंदा या दोन वेगळ्या गल्ल्या नाहीत, एकीतून दुसरीत वाट आहे. शाकाहारी माणूस दुसऱ्या गल्लीत पाऊल टाकत नाही. व्हीगन म्हणतो, पहिलीतही नको.

हा युक्तिवाद मला पटतो. पण त्यात एक खडा आहे. पुण्याजवळच्या उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली आणि संकरित गाईंसाठी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल म्हणजे किराणा आणि मुलांची फी. त्या घराला "दूध सोडा" सांगायला माझी जीभ उचलत नाही. भाची म्हणते, त्यांना कोण सांगतंय, मी माझं सोडतेय. बरं.

मणिभाई ज्यांचे अनुयायी, त्या गांधीजींना हा प्रश्न व्हीगन शब्दाच्या कितीतरी आधी पडला होता. कलकत्त्याकडे जास्त दूध निघावं म्हणून गाई-म्हशींवर होणाऱ्या 'फुंका' नावाच्या अघोरी प्रकाराबद्दल त्यांनी वाचलं आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना दूध सोडलं. १९१८ मध्ये ते मरणाच्या दारातून परतले. डॉक्टर दुधाचा आग्रह धरून बसले आणि कस्तुरबांनी तोड काढली: व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती, मग शेळीचं दूध का नको? गांधीजींनी ते घेतलं, पण व्रताचं अक्षर पाळलं आणि आत्मा मोडला, हे स्वतःच लिहून ठेवलं. शाकाहार आणि व्हीगनपणा यांतला फरक इतक्या कमी शब्दांत मला दुसरीकडे सापडला नाही. ती तोड काढणाऱ्या कस्तुरबा फेब्रुवारी १९४४ मध्ये इथेच, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गेल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिकडे शब्द जन्मला.

ताटाबाहेरचं थोडं. आमच्याकडे पूजेला रेशमी सोवळं नेसतात, आणि ते रेशीम धागा अखंड निघावा म्हणून कोष किड्यासकट उकळून किंवा वाफवून काढलेलं असतं. शाकाहारी घरात यावर कुणी ब्र काढत नाही, कारण ते पोटात जात नाही. मधाचंही तसंच. तो मधमाश्यांनी स्वतःच्या बेगमीसाठी साठवलेला. गणेशखिंड रस्त्यावरून जाताना तिथल्या १९६२ पासूनच्या मधमाशी संशोधन संस्थेकडे बोट दाखवून मी म्हटलं, "अगं, माश्या नसतील तर परागीभवन कुठून?" ती म्हणाली, "माश्या असू देत ना. मध त्यांना राहू दे." जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनच्या औषधी कॅप्सूलचं काय, असंही मी विचारून घेतलं. ती म्हणाली, जिथे पर्याय नाही तिथे घ्यायचं. शक्य आणि व्यवहार्य असेल तितकंच, अशी मुभा व्हीगन मंडळींच्या व्याख्येतच आहे. सोवळ्याला अशी मुभा नसते.

पर्यावरणाचं कारण तरुण मुलं हल्ली आधी सांगतात. जगभराच्या सरासरीत एक लिटर दुधामागे तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात, सोया दुधामागे एकाच्या आसपास. चीज किलोमागे चिकनलाही मागे टाकतं, हे ऐकून माझ्यातली शाकाहारी जरा ओशाळली. कडब्यावर जगणाऱ्या आपल्या म्हशीला ती सरासरी जशीच्या तशी लावू नये, एवढं मी भाचीला सुनावलं.

तब्येतीसाठी व्हीगन व्हा, असं सांगणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. इथे शाकाहारी आणि व्हीगन यांच्यातला सगळ्यात कामाचा फरक आहे, तो म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व भाजी-धान्यात नसतंच म्हणा ना. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातून मिळतं, पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज त्याच्या दुपटीहून थोडी जास्त. म्हणजे शाकाहारीच मुळात काठावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. त्यातल्या जवळजवळ दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. व्हीगन हा शब्दही तेव्हा त्या गावांत पोचला नव्हता. आधीच काठावर असताना दूधही सोडलं तर गोळी हवीच, त्यात वाद नाही. फसवणूक अशी की यकृतात साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. पहिल्या वर्षी माणूस "मला तर काहीच झालं नाही" म्हणून सांगत फिरतो, मुंग्या आणि थकवा नंतर येतात. कॅल्शियमची एवढी चिंता नाही, नाचणी आणि तीळ आपल्या डब्यात असतातच. भाचीची गोळी रविवारी असते. मी आठवण करते, तेवढा हक्क ठेवलाय.

बाहेर खायला गेलं की गंमत होते. "प्युअर व्हेज" पाटीच्या हॉटेलात तिचे हाल होतात. पनीर, बटर, क्रीम, काजूच्या ग्रेव्हीवरसुद्धा मलई. तिच्या मित्रांच्या मटण खानावळीत ती भाकरी, ठेचा, कांदा आणि सोलकढीवर मजेत जेवते. शेजारच्या ताटात काय आहे याचा तिला विटाळ नाही. मला त्या वासाने बसवत नाही. अमृततुल्यच्या टपरीवर मात्र दोघींची फारकत, ती कोरा चहा मागते आणि चहावाला दर वेळी विचारतो, "ताई, बरं नाही का?"

घरी आमचं जमलंय. दाण्याची आमटी तुपाऐवजी तेलात, वरणभातावर लिंबू, उकडीच्या मोदकावर नारळाचं दूध. दही शेंगदाण्याचं: दाणे रात्रभर भिजवून वाटायचे, गाळायचे, कोमट करायचे आणि त्यात हिरव्या मिरचीची चार-पाच देठं सोडायची. सकाळी लागलेलं असतं. जरा पातळ, दाण्याचा वास येतो, पण कढीला चालतं. यंदा तिने नारळाच्या दुधात गूळ आणि चायना ग्रास घालून खरवसही केला. वड्या सुरेख पडल्या, जायफळही बेताचं होतं. मी दोन खाल्ल्या. त्याला खरवस म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव नुसतं 'तुझी वडी' असं पडलंय.