पहिली खरेदी मास्कची : नव्या स्कूबा डायव्हरसाठी

कोर्सला नाव घातलं की सगळा संच एकदम घ्यावासा वाटतो. आमचं सांगणं वेगळं आहे. आधी मास्क घ्या, जमलं तर फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) आणि बूट घ्या, बाकीचं सामान सुरुवातीला भाड्याने वापरा. मास्क आणि फिन्स तुमच्या अंगाला बसतात की नाही, हे दुकानातच कळतं, आणि भाड्याचा मास्क चेहऱ्याला नीट बसेलच याची खात्री नसते. बीसीडी (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जाकीट) आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं साधन) यांतलं आपल्याला काय हवंय, हे मात्र पाण्यात काही वेळा उतरल्यावरच उमगतं. तोवर महागड्या वस्तूंवर खर्च करू नका.

मास्क

पोहण्याचा गॉगल चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालणार नाही. १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. खाली जाताना गॉगलमधली हवा आकसते, आणि नाक बाहेर असल्यामुळे आत हवा सोडायची सोय नसते. मग गॉगल डोळ्यांभोवती घट्ट खेचला जातो आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. मास्कमध्ये नाक आत असतं, त्यामुळे नाकाने थोडी हवा सोडली की आतला दाब बाहेरच्या दाबाएवढा होतो. कान मोकळे करण्यासाठी नाक चिमटीत धरावं लागतं. म्हणून मास्कच्या नाकाच्या भागावर बोटं नीट बसतात का, ते पाहा. हातमोजे घालणार असाल तर ते घालूनच पाहा.

आता मुख्य चाचणी. पट्टा काचेच्या पुढे टाका, कपाळावरचे केस मागे सारा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, दाबू नका. नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क जागच्या जागी चिकटून राहिला तर पहिली पायरी झाली. कुठून तरी हवा शिरत असेल तर बहुधा ती नाकाखाली, मिशीजवळ किंवा कानशिलाशी शिरते. पुढची पायरी पुष्कळ जण विसरतात : तोंडात स्नॉर्कल (पृष्ठभागावर श्वास घ्यायची नळी) किंवा रेग्युलेटरचा माउथपीस धरून हीच चाचणी पुन्हा करा. ओठ आवळले की गालांचा आकार बदलतो, आणि आधी बसलेला मास्क सुटू शकतो. असा मास्क बाजूला ठेवा, मग तो दिसायला कितीही छान असो. पट्टा आवळून गळती थांबत नाही. उलट जास्त आवळला की सिलिकॉनची कड वाकडी होते आणि पाणी आणखी शिरतं.

काच टेम्पर्डच हवी. बहुतेक मास्कांच्या काचेवर तसं कोरलेलं असतं. आतली जागा जितकी कमी, तितकं मास्कमधलं पाणी एका श्वासात बाहेर काढणं सोपं जातं. चष्मा आत घालता येत नाही, कारण काड्यांमुळे कड उघडी राहते. नंबरच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात, ते बघा. पाण्याखाली वस्तू एकतृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, म्हणून अगदी कमी नंबर असलेल्यांचं साध्या काचेवरही भागतं.

नवा मास्क धुकटतो, कारण कारखान्यातून निघताना काचेवर पातळ थर राहिलेला असतो. जेल नसलेली साधी टूथपेस्ट काचेच्या आतल्या बाजूला बोटाने चांगली चोळा, धुवा आणि दोनतीनदा पुन्हा करा. काचेवर खास लेप असेल तर मात्र टूथपेस्ट लावू नका, सोबतची सूचना पाळा.

फिन्स, बूट आणि स्नॉर्कल

उबदार पाण्यात होडीवरून उडी मारणार असाल तर अनवाणी घालायचे, टाच झाकणारे फिन्स पुरतात. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं असेल तर टाचेकडे पट्टा असलेले फिन्स आणि निओप्रीनचे बूट घ्या. असे फिन्स बूट घालूनच मापून पाहा. बोटं दुमडायला नकोत आणि टाच हलायला नको. लांब, कडक पात्यांनी सुरुवातीला पोटऱ्यांत गोळे येतात. पायात ताकद आली की तसे फिन्स घेता येतील.

स्नॉर्कल साधीच घ्या. माउथपीस जबड्याला त्रास न देता तोंडात बसला की पुरे.

वेटसूट

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. त्यामुळे कोमट वाटणाऱ्या पाण्यातही तासाभरात हुडहुडी भरते. उबदार पाण्यासाठी साधारण ३ मिलिमीटर, थोड्या गार पाण्यासाठी ५ आणि त्याहून थंड पाण्यासाठी ७ मिलिमीटर जाडीचा सूट वापरतात. जाडीपेक्षा मापाकडे जास्त लक्ष द्या. कंबरेमागे किंवा काखेत पोकळी राहिली की प्रत्येक हालचालीला तिथे गार पाणी आत-बाहेर करतं. गळ्याशी मात्र सूट इतका घट्ट नको की गळा दाबल्यासारखा वाटेल. पूर्ण छाती भरून श्वास घेऊन पाहा.

रेग्युलेटर आणि बीसीडी

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर बनवला. आजचेही त्याच तत्त्वावर चालतात : सिलिंडरमधली सुमारे २०० बारची हवा दोन टप्प्यांत खाली उतरवून श्वासाला हवी तेवढ्या दाबाने द्यायची. नावाजलेल्या बनावटीचा कुठलाही प्रमाणित रेग्युलेटर नव्या माणसाला पुरेसा असतो. त्याची सर्व्हिसिंग जवळपास होते का, हे आधी विचारा. रेग्युलेटर सिलिंडरला जोडायच्या डिन आणि योक अशा दोन पद्धती आहेत. त्यांतली कुठली घ्यायची, हे तुम्ही जिथे डायव्ह कराल तिथल्या सिलिंडरवर अवलंबून असतं, म्हणून खरेदीच्या आधी तिथे चौकशी करा. जुना रेग्युलेटर घेत असाल तर सर्व्हिसिंगची नोंद बघितल्याशिवाय पाण्यात नेऊ नका.

बीसीडी वेटसूटवर चढवून, पूर्ण फुगवून पाहा. श्वास कोंडत असेल तर एक माप मोठा घ्या.

डायव्ह कॉम्प्युटर

मास्क आणि फिन्सनंतर स्वतःचं काही घ्यायचं असेल तर हा घ्या. तुम्ही किती खोलीवर किती वेळ होतात यावरून तो शरीरात साठलेल्या नायट्रोजनचा हिशेब ठेवतो. सोबत्याची खोली आणि वेळ थोडी वेगळी असतेच, म्हणून दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही. दोन डायव्हच्या मध्ये तो कुणाला दिलात तर मागचा हिशेब चुकतो. मोठे ठळक आकडे, वर येण्याचा वेग वाढल्यावर वाजणारा इशारा आणि सहज बदलता येणारी बॅटरी एवढं असलं की झालं. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवायचा आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, हे तो आठवण करून देतो. तुम्ही थकलेले आहात, पाणी कमी प्यायलात किंवा गारठलात, हे बहुतेक कॉम्प्युटर ओळखत नाहीत. ते ध्यानात ठेवून आकड्यांपेक्षा जरा सावध राहा.

दुकानात येताना स्वतःचे बूट असतील तर सोबत आणा, चष्मा असेल तर नंबरही आणा. सर्दी झाली असेल तर मास्क बघायला नंतर या, कारण नाकाने श्वास ओढल्याशिवाय चाचणी होत नाही. आणि नाक चोंदलेलं असताना पाण्यातही उतरू नका.